मंडईच्या दिवशी पॅरिसला

विमानाचं तिकीट काढताना मी दोनच गोष्टी पाहिल्या. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे का, आणि आमच्या एकोडी गावची मंडई पॅरिसच्या चार दिवसांत येते का. थंडी किती असेल, हॉटेलला खिडकी आहे की नाही, असलं काही बघितलं नाही. मंडई चौथ्या दिवशी पडत होती. मी बटण दाबलं आणि त्या दिवशी वर्गात पोरांना सुट्टीचा गृहपाठ सुद्धा दिला नाही, इतकी खूश होते.

ज्यांना मंडई ठाऊक नाही त्यांना सांगते. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, नाचगाण्याची दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. हे पुरुषांसाठी आणि पोरांसाठी. बाईसाठी मंडई म्हणजे पाहुणे. नणंदा, नणंदांच्या जावा, मामेसासरे, त्यांचे जावई, सगळे सकाळपासून येतात आणि जेवल्याशिवाय जात नाहीत. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, मोठी गॅसची शेगडी मांडायची. एका गंजात भात, एका गंजात मटण, आणि कढईत वडे अन् पुऱ्या, तळतच राहायच्या. पंचवीस मंडया मी त्या कढईपुढं काढल्या. गावातली मंडई कशी दिसते हे मला अजून नीट माहीत नाही. घरची सून मेली तरच मंडईला हजर नसते, आणि तेव्हाही लोक विचारणार, मग वडे कोणी केले?

आता मुद्द्याचं. मी सूड घ्यायला पॅरिसला गेले होते. लोक टॉवर बघायला जातात, कोणी लग्नानंतर जातात. मी डोक्यात राख घालून गेले.

झालं होतं असं. माझी मोठी जाऊ आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, नागपूरला राहतात. दोन वर्षांपूर्वी ते एका टूरबरोबर युरोपला जाऊन आले आणि त्या मंडईला त्यांनी फोटो आणले. ओसरीतल्या टीव्हीला फोन जोडला. चाळीसेक पाहुणे जेवून, हात पुसत बसलेले. जाऊबाई उभ्या राहून सांगत होत्या. हा टॉवर. ही नदी, हिच्यात आम्ही बोटीतून फिरलो. ही त्या हसऱ्या बाईची तसबीर. आणि टॉवरच्या टोकावरून, काय सांगू, माणसं मुंग्यांएवढी दिसतात! मी वड्यांची परात घेऊन दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मले पण जायचं आहे एकदा."

बस, एवढंच बोलले. काही गुन्हा केला नाही.

जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "तुले कायले पॅरिस? तिथं एकटी सोडली त पहिल्याच चौकात रडत बसशील."

लोक हसले. तेही मी गिळलं असतं. मोठी जाऊ आहे, बोलायचीच. पण माझा नवरा, जो माझ्याच शेजारी पाटावर बसून माझ्याच हातचा वडा खात होता, तो तोंडात घास असताना म्हणाला, "रडन कायले? एखादं चिखलाचं वावर दिसलं त पदर खोचून रोवणी लावाले बसन!"

अख्खी ओसरी खदखदली. भासऱ्यांना तर ठसका लागला. कोणीतरी मला सांगितलं, पाणी आण, आणि तेही मीच आणलं. रोवणीची, म्हणजे भातलावणीची, मला लाज नाही. माझी आई रोवणी करायची, शाळेत नोकरीला लागेपर्यंत मीही केली. धानाची रोपं सरळ ओळीत लावून दाखवावी त्या हसणाऱ्यांपैकी एकानं. राग त्याचा नव्हता. राग हसण्याचा होता, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा होता. त्या रात्री मी त्याला म्हटलं, तुम्ही असं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "मजाक होती वो. तू बी ना." आणि कूस बदलली.

तू बी ना! मी ते दोन वर्षं जपून ठेवलं.

पगार माझा, रजा माझी. पासपोर्ट काढला. आम्हा शिक्षकांना परदेशी जायला ऑफिसची परवानगी लागते, तो अर्ज केला. कारण या रकान्यात 'पर्यटन' असं लिहिलं. साहेबांच्या बाबूनं विचारलं, "मॅडम, सर बी येऊन राहिले न?" मी म्हटलं, नाही. तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी दारूच्या दुकानाचा परवाना मागते आहे. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. घरी सांगितलं, प्रशिक्षण आहे. आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणं कधी संपत नाहीत, त्यामुळं कोणी काही विचारलंही नाही.

निघायच्या चार दिवस आधी मी तिकिटाचा कागद नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यानं आधी कागद पाहिला, मग मला. म्हणाला, "मंडईच्या दिवशी?"

"हाव."

"अवो पण पाहुण्यायले काय सांगू?"

"जे आहे ते सांगा. बायको पॅरिसले गेली म्हणा. एकटी गेली म्हणा. ओसरीत, सगळ्यांसमोर, टीव्हीपाशी उभं राहून. मले बाकी काही नाही पाहिजे."

तो हो म्हणाला. मान खाली घालून, भात कालवत, हो म्हणाला. मला एवढंच हवं होतं. ज्या ओसरीत तो हसला, त्याच ओसरीत त्याच्या तोंडून ते वाक्य निघावं. त्यासाठी मी साता समुद्रापार चालले होते.

पॅरिसला उतरले आणि पहिल्याच चौकात हरवले. खोटं कशाला बोलू? जमिनीखालच्या गाडीतून वर आले तर पाच रस्ते पाच दिशांना, सगळ्या इमारती एकसारख्या, पाऊस बारीक, फोनवरचा नकाशा गोल गोल फिरतोय. एका बाईला हॉटेलचा पत्ता दाखवला, ती काहीतरी भरभर बोलली आणि गेली. मी बॅगेवर बसले. आता रडणारच होते. आणि तेवढ्यात जाऊबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आला, 'पहिल्याच चौकात' म्हणतानाचा. तशी उठले बघा! मेलीस तरी रडायचं नाही, असं स्वतःला दटावलं, आणि एकेक रस्ता चालून पाहायला लागले. हॉटेल चौथ्यात निघालं. खोली एवढीशी, तीन मजले जिना चढून. मी दार लावलं, मुरमुऱ्याचा चिवडा काढला आणि पलंगावर मांडी घालून पोटभर खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. काम म्हणजे काय, तर बाईंचे ते सगळे फोटो माझ्या फोनमध्ये होते, कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांनीच टाकलेले. ठरवलं होतं की त्या जिथं जिथं गेल्या तिथं तिथं आपणही जायचं, तिथंच उभं राहायचं, आणि त्यांच्याहून चांगला फोटो काढायचा. आधी बोटीत बसले. वारा असा की कानात कापूस घालावा. शेजारच्या म्हाताऱ्याला फोन दिला, त्यानं माझा फोटो काढला, मी बाईंचा फोटो शोधायला लागले. बोटीचे चार फोटो होते. बाई एकातही नव्हत्या. टूरमधली दुसरी जोडपी होती, नदी होती, पूल होते.

असेल, म्हटलं. फोटो काढणारी बाई फोटोत कशी येईल?

मग त्या मोठ्या संग्रहालयात गेले. हसऱ्या बाईची तसबीर काचेत, आणि तिच्यापुढं लोकांची अशी झुंबड की जत्रेतल्या पाळण्याला नसते. तसबीर आमच्या शाळेच्या सूचना फलकाहून लहान. मी फोनमध्ये बाईंचा फोटो उघडून पाहिला. तसबीर एकटीच. समोर कोणीतरी हिरव्या जाकिटातला माणूस. बाई नाहीत.

तिथल्या बाकावर बसून मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. वर्गातल्या वह्या तपासते तसे. ज्या ज्या फोटोत जाऊबाई होत्या, त्या सगळ्यांत तीच जांभळी कोशाची रेशमी साडी, तोच राखी स्वेटर, तीच केसांची क्लिप. आणि मागं तोच टॉवर, नदीपलीकडच्या उंच चौथऱ्यावरून घेतलेला. मागं छत्री धरून उभी असलेली एक लाल टोपीवाली बाईसुद्धा तीच! अठरा फोटो, पण जागा एक आणि वेळ फार तर दहा मिनिटांची. कॉपी केलेला पेपर मला कळत नाही होय? बाकी सगळे फोटो लोकांकडून मागून घेतलेले.

मी त्या संग्रहालयात मोठ्यानं हसले. पहारेकरी वळून बघायला लागला. बघ बाबा, म्हटलं, आज माझा दिवस आहे.

तिसऱ्या दिवशी टॉवरवर चढले. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले, पण वर गेले, अगदी टोकाला. आणि तिथं पहिलं काय दिसलं? जाळी. चारी बाजूंनी तारेची जाळी, तिच्यातून बघायचं. जाळीचं बाईंनी नावही काढलं नव्हतं. आणि माणसं मुंग्यांएवढी वगैरे काही दिसत नाहीत. दिसतच नाहीत. मी जाळीला नाक लावून उभी राहिले आणि मनातल्या मनात भाषण रचलं. चौथ्या दिवशी, मंडईच्या जेवणाच्या वेळेला, व्हिडिओ कॉल. सगळ्यांसमोर. बाई, वर जाळी आहे की नाही हो? सांगा बरं. हात वर करून सांगा. दोन वर्षांचं व्याजासकट उतरवणार होते मी. फार बरं वाटत होतं, खोटं नाही बोलत.

मंडईच्या सकाळी मी त्याच चौथऱ्यावर जाऊन उभी राहिले, जिथं बाईंनी अठरा फोटो काढले. आमच्याकडं दुपारचे दोन, तिथं साडेनऊ. ऊन नुकतं पडलं होतं. टॉवर समोर स्वच्छ. मी शाल सारखी केली, टिकली पाहिली. तेवढ्यात फोन वाजला. शेजारणीचा निरोप होता.

'मॅडम, ट्रेनिंग कसं चालू आहे? ऐन मंडईत बोलावलं म्हणते साहेबानं. सर सांगून राहिले होते सगळ्यायले. तुमच्या वड्याची आठवण येऊन राहिली.'

ट्रेनिंग!

माझ्या अंगाची अशी काही आग झाली की त्या थंडीत मला शाल काढावी लागली. मीच सांगितलेली थाप त्यानं मलाच पांघरली. दोन वर्षं मी जे वाक्य त्याच्या तोंडून काढायला धडपडले, ते त्यानं गिळलं आणि वर ढेकर दिला. म्हणजे आत्ता, या घडीला, मी भंडाऱ्यात कुठल्यातरी हॉलमध्ये चटईवर बसून टिपणं काढते आहे. पॅरिसला कोणी आलंच नाही. मी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कट केला. मेल्या, कट करतोस? मग मी जाऊबाईंना लावला, व्हिडिओ. आता दोघांनाही एका दमात वाजवते, म्हटलं.

बाईंनी उचलला. उचलला म्हणजे पिठाच्या बोटानं दाबला आणि तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला. आणि मला माझी सांदवाडी दिसली. माझी शेगडी. माझी कढई. आणि कढईपुढं बाई. भारीची साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, कपाळावर केस चिकटलेले, डाव्या हातानं घाम पुसताहेत, उजव्या हातात झारा. बाजूला पुऱ्यांचा हा ढीग आणि लाटायच्या गोळ्यांचा त्याहून मोठा. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तशीच पडलेली, निवडायला कोणी नाही. दुसरी बाई नाही मदतीला.

ओसरीतून हसण्याचा आवाज येत होता. पुरुषांचा.

"बोल लवकर," बाई म्हणाल्या, "तेल तापून राहिलं. ट्रेनिंग झालं का तुयं?"

मी फोन फिरवला आणि टॉवर दाखवला.

झारा थांबला. बाई फोनजवळ आल्या, इतक्या जवळ की नुसता एक डोळा दिसायला लागला. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी लागेलसं बोलतील, आणि मग मी जाळीचं काढते. पण त्या हळूच म्हणाल्या, "हाच तो चौथरा न?"

"हाच."

"वर गेलती का तू?"

"गेले होते. काल."

पुरी जळत होती. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कसं दिसते वो वरून?"

माझं भाषण तिथंच अडकलं. बाई मला विचारत होत्या. ज्या बाईनं चाळीस लोकांत मुंग्या दाखवल्या, ती मला विचारत होती.

मग त्याच बोलल्या, ओसरीकडं एकदा बघून, आवाज दाबून. "तुया भासऱ्याचं पोट बिघडलं होतं तिथं. तीन दिवस खोलीतून निघाले नाही. मी चहाच्या किटलीत खिचडी शिजवत होती. बसवाल्यानं येता येता दहा मिनिटं उतरवलं, तेवढंच." आणि थांबून म्हणाल्या, "कोणाले सांगू नको."

खरं सांगते, मला कीव आली नाही. राग आला, पण तो हलला. दोन वर्षं मी तो बाईंवर धरून बसले होते आणि तिकडं ओसरीत दोघं भाऊ पाय पसरून बसले होते. मी पॅरिसला आले तर माझा नवरा कढईपुढं बसेल असं मला वाटलं होतं. वेडी मी. माझी जागा रिकामी झाली की तिथं दुसरी बाई बसते, हे पंचवीस वर्षांत मला कळू नये?

तेवढ्यात ओसरीतून माझ्याच नवऱ्याची आरोळी आली. "पुऱ्या आना वो, पाहुने थांबून आहेत!"

मी म्हटलं, "बाई, गॅस बंद करा."

"अवो?"

"आत्ता बंद करा. आणि मले ओसरीत न्या."

बाईंच्या झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. मग त्या वाकल्या, बटण फिरवलं, पदर सोडला आणि फोन उचलला. ओसरीत गेल्या त्या थेट टीव्हीपाशी. तिथूनच त्यांनी फोन सगळ्यांकडं वळवला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या भाऊजी, तुमची बायको ट्रेनिंगले आहे न? बोला."

समोर पत्रावळी घेऊन बसलेले चाळीस लोक, आणि मधोमध माझा नवरा, हातात पाण्याचा तांब्या. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरलं ते मी इतक्या लांबून डोळे भरून पाहिलं.

मी वर्गात विचारते तसं विचारलं. "मी कुठं आहे?"

तो खाली बघत पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. मागच्या ओळीपर्यंत गेलं पाहिजे."

"पॅरिसले," तो म्हणाला.

"कोणासोबत?"

"एकटी."

"पूर्ण वाक्यात सांगा."

भासरे काहीतरी म्हणायला लागले, तर बाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. त्यांनी पत्रावळीत मान घातली. किटलीतली खिचडी आठवली असणार. आणि माझ्या नवऱ्यानं, पाहुण्यांसमोर, टीव्हीपाशी येऊन, तांब्या हातात धरून, पूर्ण वाक्य म्हटलं. "माही बायको एकटी पॅरिसले गेली."

मागून एक मामेसासरे चाचरत म्हणाले, "ते ठीक आहे, पण मंग पुऱ्या?"

"ज्याले रोवणीचं हसू आलं होतं, तो तळन," मी म्हटलं. "पीठ मळलेलं आहे."

बाई फोन घेऊन बाहेर अंगणात खाटेवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आता दाखव बरं नीट. वर ने. अजून वर." मी हात दुखेपर्यंत फोन वर धरून उभी राहिले. जाळीचं त्यांना सांगितलं, इतकंच की पुढच्या वेळी कोणी विचारलं तर जाळी आहे म्हणा. त्या हसल्या. त्यांना माफ केलं असं समजू नका. 'पहिल्याच चौकात' हे वाक्य अजून माझ्यापाशी आहे, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे.

दोन दिवसांनी घरी पोचले. नवरा दारात आला, बॅग घेतली, गुपचूप आत नेऊन ठेवली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले होते, चांगले टपोरे. मी पाहिले. मी पाहिले हे त्यानं पाहिलं. मी चहा ठेवला, एका कपाचा.

तो म्हणाला, "भाजल्याचं मलम कुठी ठेवते वो तू?"

पंचवीस वर्षं ते मलम एकाच जागी आहे. दर मंडईला मी तिथूनच काढते.

"शोधा," मी म्हटलं, आणि कप घेऊन ओसरीत जाऊन बसले. आतून एकेक कपाट उघडल्याचा आवाज येत होता. मी चहा सावकाश प्यायले.